मालकीण हयात असेपर्यंत

घर बघायला गेलेली माणसं घर बघतात. भिंतींना ओल आहे का, नळाला धार कशी आहे, दारं नीट लागतात का, शेजार कसा आहे. अंगाईने हे सगळं नवऱ्यावर सोपवलं आणि स्वतः मालकिणीच्या पायांचे घोटे बघत बसली. पुढचं सगळं रामायण त्या बघण्यातून घडलं.

अंगाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं, झोपेत त्याचा श्वास आणि रक्तदाब सांभाळायचा आणि काम झालं की सुखरूप उठवायचं, हा तिचा रोजचा उद्योग. म्हणून इस्पितळातल्या कुणा वात्रटाने तिला अंगाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं. तिला ते आवडायचंही. पण या कामात एक खोड जडते. समोर कोणीही आलं की डोक्यात तपासणी सुरू होते. मान आखूड आहे का, दात हलतात का, बोलताना दम लागतो का, पायांना सूज आहे का. एखाद्या समारंभात शेजारच्या खुर्चीवर परका माणूस बसला, तरी जेवण येईपर्यंत ती त्याला मनातल्या मनात तपासून मोकळी झालेली असायची.

आणि ते घर होतं ती जागा तरी कसली! कुठल्याशा राजाने शिकारीसाठी राखलेलं ते रान. राजा गेला, हरणं गेली, झाडं तेवढी राहिली. रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं वर जाऊन एकमेकांच्या गळ्यात पडलेली, खाली विटांची जुनी घरं, प्रत्येक दारावर बांधकामाचं साल कोरलेलं. खिडकीला कुठला रंग द्यायचा, तेही नगरपालिकेला विचारून. राजधानी म्हटलं तर हाकेच्या अंतरावर, पण तिचा आवाज तिथवर पोचत नसे. नवरा लोकांना स्वयंपाकघरं बसवून देण्याच्या धंद्यात होता. ओटे, खण, कपाटं यांची मापं घेत तो दिवसभर असल्या घरांतून हिंडायचा आणि संध्याकाळी आपल्या दोन खोल्यांत परतायचा, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नसे. त्या भागात घर घेणं त्यांच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. पण दलालाने एक वाट दाखवली.

"तिथे अशी पद्धत आहे," दलाल म्हणाला. "घर आज तुमच्या नावावर होतं, पण मालकीण हयात असेपर्यंत त्यातच राहते. ती गेली की किल्ली तुमची. म्हणून किंमत उतरते. मालकीण जितकी म्हातारी, तितकं खरेदीदाराचं नशीब चांगलं."

"आणि ती शंभरी गाठेपर्यंत जगली तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर तुमचं नशीब," दलाल म्हणाला आणि स्वतःच हसला.

मालकीणबाई ऐंशीच्या पुढची, एकटी, काठीसारखी ताठ. जवळचं कुणी उरलेलं नव्हतं. आयुष्यभर विमा कंपनीत होती. कोण किती जगेल याचे अंदाज बांधणं हेच तिचं काम होतं आणि हे तिने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. "तेव्हा माझ्यापाशी आडपडदा ठेवू नका," ती म्हणाली. "तुम्ही कशासाठी थांबणार आहात ते मला ठाऊक आहे." नवरा कसनुसा हसला आणि टेप घेऊन वरच्या खोल्यांची मापं घ्यायला पळाला. अंगाई खाली बसली. म्हातारीचे मोजे घसरले होते, घोटे सुजले होते, बोटाने दाबलं तर खळगा पडेल इतके. वाक्याच्या मधोमध श्वास घ्यावा लागत होता. गालांवर फिकट छटा होती.

परतताना गाडीत नवऱ्याने विचारलं, "काय वाटतं?"

तो घराबद्दल विचारत नव्हता, हे तिला कळलं होतं. "हृदयाची झडप आकसलेली दिसते," ती म्हणाली. "दोन हिवाळे काढतील. फार तर."

रोग्याच्या भल्यासाठी जे बघायला शिकली, ते आज तिने सौद्यासाठी वापरलं होतं. नवऱ्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर पक्कं झालं.

दोन हिवाळे गेले. तिसरा आला. म्हातारी ठणठणीत.

तोवर घरात एक चमत्कारिक भाषा रुळली होती. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारत, "कशा आहेत त्या?" आणि "बऱ्या आहेत" असं उत्तर आलं की "असू दे, असू दे" म्हणून विषय बदलत, जणू मुलाखतीला गेलेल्या पोराला पुन्हा नकार आलाय. नवऱ्याचे स्वयंपाकघराचे आराखडे काढून झाले, मग बदलून झाले. तो म्हातारीकडे बारीकसारीक दुरुस्त्या करायला जायचा आणि येताना खिशातल्या टेपवर आणखी एखादं माप घेऊन यायचा. एकदा तर ती पलंगावर पडलेली असताना त्याने तिच्या उशामागची भिंत मोजली. "जरा डोकं बाजूला घेता का आजी?" म्हणाला. आणि ती घेते! परत वर विचारते, "इथे काय करणार आहेस? कपाट का?"

वाईट माणसं नव्हती ही. हे सांगायलाच हवं. नवरा तिच्यासाठी फळं न्यायचा, गटार तुंबलं तर हातमोजे घालून स्वतः साफ करायचा. पण चांगली माणसं वाट बघायला लागली की कशी दिसतात, ते आरशात बघू नये.

अंगाईला आरसा मिळाला तो एका दुपारी. ती म्हातारीला भेटायला गेली, सवयीने नजर आधी पायांकडे गेली, आणि घोट्यांची सूज पार उतरलेली दिसली. तिला वाईट वाटलं. अगदी साधं, स्वच्छ वाईट वाटलं, बस चुकल्यावर वाटतं तसं. आणि पुढच्या क्षणी, आपल्याला कशाचं वाईट वाटलं ते तिच्या ध्यानात आलं. रोज ज्या हातांवर लोक जीव सोपवून निर्धास्त झोपतात, त्या हातांची मालकीण एका बाईची तब्येत सुधारली म्हणून हिरमुसली होती. तिने काहीतरी निमित्त काढून चहा अर्धा टाकला आणि निघाली. नंतर ती त्या घराकडे फिरकली नाही. नवऱ्याने कारण विचारलं तर कामाचं सांगायची.

मग एका सकाळी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत ती पुढचा रोगी बघायला गेली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलेलं, वय जास्त, हृदयाचा त्रास, एवढं तिला सिस्टरने सांगितलं होतं. पडदा सारला तर ढकलगाडीवर मालकीणबाई.

"ये, ये," म्हातारी म्हणाली, दिवाणखान्यात बोलावल्यासारखी. "मघापासून सगळ्यांना विचारतेय, आमची डॉक्टरीण कुठाय म्हणून."

"आजी, हे काय झालं?"

"काय व्हायचंय? बागेत ओल्या पानांवरून पाय घसरला. तुमचीच बाग, तुमचीच पानं." वेदनेने तिचा चेहरा ओढला गेला, पण डोळे तसेच मिश्किल.

अंगाईने तपासण्या बघितल्या. झडप आकसलेली होती हे खरं, पण तिने ठरवलं होतं तितकी नाही. अशी झडप घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. मात्र भूल देताना तिचा भरवसा नसतो. रक्तदाब एकदा का घसरला की तो लगेच वर आणावा लागतो. उशीर झाला तर संपलंच.

"आजी, तुम्हाला दुसरे डॉक्टर भूल देतील. माझ्यापेक्षा अनुभवी आहेत."

"छे. तूच द्यायचीस."

"मी नाही देऊ शकत."

"का बरं?"

म्हातारीने बोटाने तिला जवळ बोलावलं. अंगाई वाकली.

"हे बघ," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "त्या अनुभवी डॉक्टरच्या हातून मी गेले, तर लोक म्हणतील वय झालं होतं. विषय संपला. तुझ्या हातून गेले तर? पहिला प्रश्न येईल, घर कुणाला मिळालं? तुझं काम जाईल, तुझी अब्रू जाईल. मग मला सांग, या अख्ख्या इस्पितळात मी जगावं याची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे? माणूस चांगला आहे की वाईट, याच्या फंदात आम्ही विमावाले पडत नाही, पोरी. त्याला भीती कशाची आहे, ते बघतो."

"तुम्हाला माझी भीती नाही वाटत?"

"तू पहिल्या दिवशी माझे पाय बघत होतीस तेव्हा नाही वाटली, तर आता कशाला वाटेल?" म्हातारी खुदकन हसली. "दलालाने सांगितलं होतं, गिऱ्हाईक डॉक्टर आहे म्हणून. सूज उतरायची गोळी मी दोन दिवस घेतलीच नाही. मोजेही मुद्दाम खाली केले. नाहीतर तुम्ही लोक माझ्यासारख्या धडधाकट बाईचं घर घेताय होय?"

दुसरा एखादा प्रसंग असता तर अंगाई पोट धरून हसली असती. या बाईने तिला पहिल्याच दिवशी आरपार वाचलं होतं, आणि तरी तिच्याच हातात जीव द्यायला निघाली होती.

ती तडक विभागप्रमुखांकडे गेली. ते दाराबाहेर उभ्याने फोनवर बोलत होते.

"सर, मला ही केस नको. ओळखीच्या आहेत त्या."

"ओळखीचं कोण नाही इथे? दुसरा मोकळा कोण आहे, तूच सांग. आणि त्यांनी तुझंच नाव घेतलंय, दुसरं कुणी चालणार नाही म्हणतात. हाड मोडून पडलेल्या म्हातारीला ताटकळत ठेवायचं का?"

"सर, त्यांचं घर आम्ही घेतलंय."

"त्या झाडांच्या भागात? अरे वा! आणि पेढ्याचा पत्ता नाही!"

इथे तिने पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. त्या मेल्या की ते घर आमचं होणार आहे, एवढंच. एका दमात होण्यासारखं. पण त्याच्यामागून पुढचा प्रश्न आला असता, की मग हेच घर का निवडलंत, आणि तिला तिचं ते गाडीतलं बोलणं ऐकू आलं असतं. सर पुन्हा फोनकडे वळले. शिकलीसवरलेली बाई, पण ऐनवेळी दातखीळ बसली ती बसलीच.

थिएटरमध्ये तिने सगळं दुप्पट काळजीने केलं. पूर्ण झोपवायचं नाही असं ठरवलं. पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून थोडं थोडं औषध सोडत खालचं अंग बधिर केलं, म्हणजे रक्तदाबाला धक्का बसायला नको. रक्तदाब वर आणणारं औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलं, नावाची चिठ्ठी लावून. चिठ्ठी दोनदा वाचली. मग पुन्हा वाचली. असं तिने शिकाऊ असतानाही कधी केलं नव्हतं.

म्हातारी जागी होती. मधे हिरवा पडदा, पलीकडे हाडांचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस, अलीकडे फक्त म्हातारीचं डोकं आणि उशाशी अंगाई.

"सुतारकाम चाललंय का पलीकडे?" हातोडीचे ठोके ऐकून म्हातारी म्हणाली.

"बोलू नका आजी, दम लागेल."

"तुझ्या नवऱ्याला बोलव मदतीला. मापं चांगली घेतो."

अंगाईला हसू आलं आणि त्या हसण्याने थोडं हलकं वाटलं. सगळं ठीक चाललं होतं. यंत्राचा टिक टिक आवाज एका लयीत होता. बहुतेक आपण उगीच घाबरलो, असंही तिच्या मनात आलं.

"सिमेंट घालतोय," पलीकडून डॉक्टर म्हणाले.

हा इशारा तिच्यासाठी होता. नवा सांधा बसवताना हाडात सिमेंट भरतात, आणि म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब कधी कधी त्याच वेळी कोसळतो. ती तयारच होती. सिरिंज हातात, अंगठा दट्ट्यावर.

"मळमळतंय," म्हातारी म्हणाली. पुढचा शब्द अर्धाच राहिला. यंत्रावरचे रक्तदाबाचे आकडे घसरू लागले, ओठ पांढरे पडले, यंत्र ओरडायला लागलं.

आणि अंगाईला घर दिसलं. तिने काही विचार केला नव्हता, हे ती आयुष्यभर शपथेवर सांगेल. ते आपसूक दिसलं. रिकामं, पडदे काढलेलं, सगळ्या खिडक्या उघड्या, जमिनीवर झाडांच्या सावल्या हलतायत आणि घरात कुणीही नाही. इतकं निवांत, की तिला तिथून हलावंसं वाटेना. अंगठा दट्ट्यावर होता. तो तसाच राहिला.

किती वेळ? एक श्वास असेल. कदाचित तेवढाही नसेल. मग तिने खाली बघितलं. म्हातारीचे डोळे उघडे होते. ती अंगाईच्या तोंडाकडे बघत नव्हती. हाताकडे बघत होती.

अंगठा दाबला गेला. औषध गेलं. तिने सलाईन वाढवलं, ऑक्सिजन वाढवला, पुन्हा औषध दिलं. हात भराभर, बिनचूक चालत होते, नेहमीसारखे. आकडे थांबले, घुटमळले, वर चढले. ओठांना रंग आला. यंत्र गप्प झालं.

"काय झालं होतं?" पलीकडून प्रश्न आला.

"घसरला होता जरा. आला वर."

"म्हणून तर मला अंगाई लागते," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा ठोके सुरू झाले.

म्हातारी नंतर एक शब्द बोलली नाही. थकली असेल, अंगाईने स्वतःला समजावलं. तेवढा वेळ लागतोच. हातात सिरिंज असली तरी आकडा खरा आहे की यंत्राची चूक, हे बघायला कुणीही क्षणभर थांबतं. शिकवतानाही ती हेच सांगते, घाई करू नका म्हणून. म्हणजे ती थांबली ते बरोबरच. हे तिने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की वकीलसुद्धा कंटाळला असता.

बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. म्हातारी पडल्याचं त्याला शेजाऱ्यांकडून कळलं होतं.

"काय झालं?" त्याने घाईघाईने विचारलं.

"नीट पार पडलं. बऱ्या आहेत."

फोनवर काहीच ऐकू आलं नाही. अगदी थोडा वेळ. मग तो म्हणाला, "बरं झालं. खरंच बरं झालं."

त्याला तसं खरंच वाटत होतं. त्यात खोट नव्हती. पण मधली ती शांतता तिने ओळखली. नवऱ्याला बोल लावायला तिला तोंडच नव्हतं.

दुपारी ती वॉर्डात गेली. म्हातारीला खिडकीजवळची खाट मिळाली होती. चेहरा उतरलेला, पण नाडी भरलेली, श्वास शांत. अंगाईने पाय बघितले नाहीत. मुद्दाम नाही बघितले. खुर्ची ओढून बसली.

"कसं वाटतंय आजी?"

"बरं."

"दुखतंय का?"

"नाही."

मिश्किलपणा कुठे गेला होता कोण जाणे. म्हातारीचे ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. अंगाईने टेबलावरच्या जगमधलं पाणी ग्लासात ओतलं, एक हात तिच्या मानेखाली घालायला पुढे केला आणि ग्लास ओठांजवळ नेला. हजारो रोग्यांना तिने असं पाणी पाजलं असेल.

म्हातारीने ग्लासाकडे बघितलं. मग ग्लास धरलेल्या हाताकडे. ओठ घट्ट मिटले.

"नको."

"ओठ सुकलेत तुमचे. घोटभर घ्या."

"नको म्हटलं ना." आवाज बारीक होता, थरथरत होता. असा आवाज अंगाईने रोज सकाळी थिएटरबाहेर ऐकला होता, पण या बाईच्या तोंडून कधीच नाही. म्हातारी उशीवर जमेल तितकी मागे सरकली आणि अंगाईच्या खांद्यावरून पलीकडे बघत तिने हाक मारली. "सिस्टर! जरा पाणी द्याल का मला?"

सिस्टर आली. अंगाईच्या हातातला भरलेला ग्लास बघून घुटमळली. मग काही न बोलता तिने दुसरा ग्लास घेतला, त्याच जगमधलं पाणी त्यात ओतलं आणि म्हातारीच्या ओठांना लावला. म्हातारी घटाघटा प्यायली. पिताना तिचे डोळे ग्लासाच्या कडेवरून अंगाईवर खिळलेले होते, मोठे झालेले, न मिटणारे.

"अजून," ती सिस्टरला म्हणाली.

सिस्टरने पुन्हा ग्लास भरला.